सेलूपर्यंत न आलेली तार

प्रमिला गेल्याचं भाऊरावांनी, तिच्या नवऱ्यानं, मला सकाळी फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी श्रीरंगचा शोकसंदेश आला. छापील, जाड कागदावर. मी पाकिटावर ‘स्वीकारला नाही’ असं लिहिलं आणि स्वतः परत टपालात टाकलं. मृत्यूनंतर वैर संपवावं म्हणतात... मला ते जमलं नाही, आणि प्रमिलालाही आवडलं नसतं.

वर्ध्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. कोणती केबल कोणत्या रस्त्याखालून जाते, हे तिला पाठ होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथलाच श्रीरंग मुंबईहून आपली इंटरनेट कंपनी घेऊन आला. सभेत त्यानं नकाशा वाटला. प्रमिला राहायची त्या नालवाडीपासून सेलू गावापर्यंत लाल रेघ. या रस्त्यानं घराघरांत वेगवान इंटरनेट जाणार आणि शेअर घेणाऱ्यांचं नशीब उघडणार. या रस्त्यावर अजून कुदळसुद्धा कशी पडलेली नाही, हे प्रमिलानं त्याला बाजूला घेऊन विचारलं. दोन महिन्यांत खोदकाम सुरू होईल, असं त्यानं तिला ‘मावशी’ म्हणत सांगितलं. त्या ‘मावशी’वर ती भुलली. तिनं शेअर घेतले, आणि टेलिफोनवाल्या बाई घेतात म्हणून नालवाडीतल्या कितीतरी घरांनी घेतले. शेजारच्या नर्सबाईंनी तर स्लॅबसाठी जमवलेले पैसे लावले. काही महिने भाव नुसता चढत होता. मग कोसळला. श्रीरंगनं आपले शेअर त्याआधीच विकल्याचं पुढे पेपरात आलं. नर्सबाई टिनाखालीच राहिल्या आणि प्रमिला त्यांच्या दारावरून मान खाली घालून ड्युटीला जाऊ लागली.

पाच-सहा वर्षांनी श्रीरंगच्या जुन्या शाळेनं त्याला संगणक कक्षाच्या उद्घाटनाला बोलावलं. प्रमिला नर्सबाईंना ऑटोत घालून घेऊन आली. मीही होते. त्याचं भाषण रंगात आलं तशी ती नकाशा घेऊन उभी राहिली.

“हे लाल रेघ माह्या घरासमोरून जाते. चाल, मले तार दाखव.”

बाजारच पडला, आपल्या हातात काही नव्हतं, असं तो हसत म्हणाला.

“मंग बाजार पडायच्या आधी तुनं आपले शेअर काऊन विकले?”

मंचावर त्याचे म्हातारे गणिताचे सर बसले होते. ते हळूच म्हणाले, “श्रीरंग, बाईंना उत्तर दे.” त्यानं घड्याळ पाहिलं, नागपूरहून विमान असल्याचं काहीतरी पुटपुटला आणि फीत न कापताच गाडीत जाऊन बसला. त्याची खाली गेलेली मान पाहून मला किती आनंद झाला, हे लपवत नाही.

परतताना मी तिला विचारलं, झालं ना आता समाधान?

“नाई,” ती म्हणाली. “बाईच्या घरावर स्लॅब कुठं पडला अजून?”

कंपनी नाव बदलून आजही चालते. प्रमिलानं मातीमोल झालेले ते शेअर कधीच विकले नाहीत. विकले की विचारायचा हक्क गेला, असं ती म्हणायची. दरवर्षी ती मुंबईला भागधारकांच्या सभेला जायची आणि सेलूची तार कधी येणार, एवढंच विचारायची. एकदा त्यांनी माइक बंद केला. वीस वर्षं ट्रंक कॉलवर ओरडलेल्या बाईला माइक कशाला लागतो?

परवा भाऊराव घरी आले. शेअर माझ्या नावावर करायचे कागद त्यांनी सही करून आणले होते. “माह्याच्यानं तेवढं बोलणं होत नाई,” ते म्हणाले, “तुमी जाजा.”

मी सही केली. सभा पुढच्या महिन्यात आहे... श्रीरंगला मी आधी कळवणार नाही.