हुमनाबादवरून जाणारं विमान

सोमवारी सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, वारले. पुढच्या सोमवारी मी गुलबर्ग्याच्या ऑफिसात परत गेलो. मधल्या दिवसांत विहारात वंदना झाली, माणसं आली, गेली. टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती: गुलबर्गा ते बिदर, अंतर आणि फ्लाइट टाइम, चारपर्यंत.

मी ड्राफ्ट्समन होतो, प्रोबेशनवर. त्याच महिन्यात कायम व्हायचो, किंवा घरी जायचो. दोन्ही गावांत लहान विमानतळ करून छोटं विमान चालवावं, असं घाटत होतं. हैदराबादहून विमान खात्याचे एक अधिकारी येणार होते. त्यांच्यासाठीच्या नोटवर पहिल्यांदाच माझं नाव जाणार होतं.

काम अवघड नव्हतं. नकाशावर दोन नियोजित धावपट्ट्यांमध्ये सरळ रेघ मारायची आणि मोजायची. विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात. दीडशे नॉट म्हणजे तासाला साधारण पावणेतीनशे किलोमीटर. रेघ भरली अठ्ठ्याण्णव किलोमीटर. एकवीस मिनिटं.

मला ते पटेना. आप्पा सडक दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा हुमनाबादवरून बिदरला जाणाऱ्या सडकेवरच्या दगडांवर नवे आकडे त्यांनीच रंगवले होते. जेवताना ते आकडे म्हणून दाखवायचे. शाळेत जाण्याआधी मला आकडे आले ते असे. बिदरपर्यंत एकशे पंधरा.

मग सतरा किलोमीटर गेले कुठे? पुन्हा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. अठ्ठ्याण्णवच. नकाशा चुकला की आप्पा? दोन्ही बरोबर असू शकतात, हे त्या दिवशी मला सुचलंच नाही. मी अठ्ठ्याण्णव खोडलं. एकशे पंधरा लिहिलं. पंचवीस मिनिटं.

चारला अधिकाऱ्यांनी नोट वाचली, नकाशा पाहिला आणि चष्मा काढला.

"क्या मियाँ, तुमारा जहाज हुमनाबाद में चाय को उतरता क्या?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते इकडच्याच आळंदकडचे, नोकरीत जुने; धाकट्यांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. मला बाजूला घेतलं.

"तम्मा, ह्यो आकडा कुठनं आणलास?"

"आप्पांचा हाय, साहेब. दगडावरचा."

"नकाशावर मोजला न्हाईस व्हय?"

"मोजला. अठ्ठ्याण्णव आला."

"मग खोडलास कामून?"

 त्यांनी एकशे पंधरावर बोट ठेवलं.

"आप्पाचा आकडा बरोबर हाय," ते म्हणाले. "पर इमान सडकेनं जायलंय व्हय? चहा पिऊन होईस्तोर दुसरी नोट आण."

चहा पिऊन होईपर्यंत मी दुसरी नोट नेली. अठ्ठ्याण्णव, एकवीस मिनिटं. साहेबांनी सही केली. पहिली त्यांनी फाडली नाही, माझ्या हातात दिली. महिनाअखेरीस मी कायम झालो. आप्पांना सांगायचं राहिलं.

आमच्या कामातला धडा एवढाच: कुणी अंतर विचारलं, तर आधी विचारावं, कशानं जायचंय.

ते विमान काही सुरू झालं नाही. मी बिदरला बसनंच जातो, हुमनाबादवरून. रस्ता रुंद झाला तेव्हा जुने दगड काढले. हुमनाबादच्या अलीकडे एक राहिलाय. त्याच्यावरचा आकडा आता वाचता येत नाही.