मास्तरांनी उघडलेलं इंजिन

माणसाला एक काम चांगलं जमलं, की बाकीची कामंही तशीच जमतील असं त्याला वाटायला लागतं. गल्लीतल्या टेलरमास्तरांचं हेच झालं होतं. कोट असो, पँट असो, मास्तर गिऱ्हाइकाकडे एकदा बघून माप सांगायचे आणि मागाहून टेप लावली तर ती त्यांचंच म्हणणं खरं करायची. एवढ्यावर कुणीही सुखात राहिलं असतं. पण मास्तरांना वेड होतं इंजिनांचं.

वेडाची सुरुवात झाली ती त्यांच्या स्वतःच्या स्कूटरवर. पहिल्यांदा त्यांनी ती उघडून जोडली तेव्हा एक स्प्रिंग हातात उरली. मास्तर म्हणाले, कंपनीनं जास्तीची दिली असेल. स्कूटर चौकापर्यंत गेली आणि ढकलत परत आली. दुसऱ्यांदा पिस्टनच्या रिंगा उलट्या बसल्या आणि अख्खी गल्ली निळ्या धुरानं खोकत बसली. तिसऱ्यांदा मात्र ती एका लाथेत चालू झाली, आणि त्या दिवशी मास्तरांची मान जी वर गेली ती खाली यायला तयार होईना. त्यांची बायको दुकानात शेजारच्याच मशीनवर बसायची. ती म्हणायची, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मास्तर म्हणायचे, "माझी स्कूटर आहे, आणि ती चालते."

मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे ताई, छोटा टेम्पो चालवायची. पहाटे बेकरीतून पावाचे क्रेट उचलायचे आणि दुकानादुकानांतून पोचते करायचे, हे तिचं काम. नवरा गेल्यावर ती बरीच वर्षं मास्तरांकडेच, दुकानामागच्या खोलीत मुक्यासारखी बसून होती. मग एक दिवस कुणाला न विचारता लायसन्स काढून आली आणि जुना टेम्पो घेऊन दारात उभी राहिली. तेव्हापासून ती माणसात आली. मास्तरांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

तोच टेम्पो एका मंगळवारी भर रस्त्यात वाफ सोडत बंद पडला. गॅरेजवाल्यानं बघून मान हलवली, "हेडची गास्केट गेलीय." हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्या झाकणाखाली गास्केट नावाचा पातळ पत्रा असतो, तो पाणी, तेल आणि आग यांना एकमेकांत मिसळू देत नाही. हा पत्राच गेला होता, आणि रिंगाही झिजल्या होत्या. "इंजिन खोलावं लागणार. पण माझ्याकडे रांग लागलीय, पुढच्या महिन्याशिवाय हात लागायचा नाही," गॅरेजवाला म्हणाला. बेकरीवाला माणूस भला, पण पाव काही कुणासाठी थांबत नाही. सोमवारी गाडी आली नाही तर दुसरी लावीन, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

"मी करतो," मास्तर म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. "जमेल?"

"स्कूटर नाही का केली?"

"तिला दोनच चाकं असतात रे," ताई म्हणाली. पण किल्ली तिनं दिली. दुसरा इलाज नव्हता.

दुकानासमोर टेम्पो उभा करून मास्तरांनी सीट उचलली आणि खालचं इंजिन उघडायला घेतलं. उसवायला अक्कल लागत नाही, हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. संध्याकाळपर्यंत कापड कापायच्या टेबलावर पिस्टन, झडपा आणि बोल्ट मांडले गेले. कुठला बोल्ट कुठला हे कळावं म्हणून मास्तरांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधली. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर काळा अंगठा उमटला. बायकोनं तो शर्ट उचलला, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

रिंगा या खेपेला सुलट बसल्या. नवी गास्केट आली, हेड चढलं. राहिले हेडचे दहा बोल्ट. मास्तरांनी एका टोकाचा बोल्ट घेतला, तो अगदी शेवटपर्यंत आवळला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. हात सवयीनं चालला होता. आयुष्यभर शिवण अशीच घातलेली, या टोकाला सुरुवात आणि त्या टोकाला गाठ.

इंजिन चालू झालं. समोरच्या न्हाव्यानं कात्री वर करून दाद दिली. तेवढ्यात मागून पांढरा धूर निघाला, आणि तेलाचं झाकण उघडलं तर त्याच्या आतल्या बाजूला पांढरट फेस. पाणी तेलात उतरलं होतं. ताई तिथेच उभी होती. ती काहीच बोलली नाही. चार शब्द बोलली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दोष गास्केटचा, असं त्यांनी ठरवलं. दुसरी आणली. दोरा तुटला की माणूस दुहेरी शिवण घालतो, तसं त्यांनी या खेपेला गास्केटला वरखाली चिकटा फासला, पान्याला लांब नळी लावली आणि बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले. पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत. शनिवारी दुपारी इंजिन चालू झालं आणि पुन्हा तोच धूर, तोच फेस. या वेळी न्हाव्यानं कात्री वर केली नाही, उलट तो घाईघाईनं आत गेला.

मास्तर मनातून हादरले. स्कूटर बिघडली तर चालत जाता येतं, पण हे इंजिन बिघडलं तर ताई पुन्हा त्या खोलीत जाऊन बसेल, आणि तिला तिथे बसवणारे आपण असू. गॅरेजवाल्याकडे जाऊन विचारावं असं दहादा मनात आलं. पण पाय निघेना. एवढ्या ऐटीत 'मी करतो' म्हटल्यावर कुठल्या तोंडानं जायचं? गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. मास्तरांचं अजून पुरतं खाली आलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी हेड पुन्हा उतरवलं आणि काढलेली गास्केट हातात धरून दुकानाच्या दारात उभे राहिले. उजेडात धरल्यावर दिसलं, एका टोकाला ती चेपून कागदासारखी झाली होती. दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोरी. मधे कुठेतरी फुगवटा. हे असं काहीतरी आपण पूर्वी बघितलंय, असं त्यांना वाटत राहिलं, पण कुठे ते आठवेना. आत बायको शर्टाला कॉलर लावत होती. तिनं पहिली टाचणी मधोमध टोचली. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"मधूनच का सुरुवात केलीस?" मास्तरांनी विचारलं.

बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्हीच शिकवलंत. एका टोकापासून लावत गेलं की कापड सरकतं, आणि सगळा झोळ दुसऱ्या टोकाला जमा होतो."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. मग चप्पल न घालताच गॅरेजवाल्याच्या घरी निघाले.

गॅरेजवाला अंगणात दाढी करत होता. मास्तरांनी दम न घेता विचारलं, "हेडचे बोल्ट मधून बाहेर आवळायचे असतात का?"

"मग काय? मधले आधी, नंतर समोरासमोरचे, थोडे थोडे करत. हे सगळ्यांना माहीत असतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे, मास्तर?"

गॅरेजवाल्यानं चेहरा पुसला, स्वतः टेम्पोपर्यंत आला, हेडवर पट्टी आडवी-उभी धरून बघितली आणि म्हणाला, "वाकलं नाही. नशीबवान आहात." ठरल्याएवढा जोर झाला की टक् करून सांगणारा आपला पानाही त्यानं ठेवून दिला. जाताना म्हणाला, "पाना परत द्या. आणि ती नळी फेकून द्या आधी."

मास्तरांनी तिसरी गास्केट बसवली. आधी सगळे बोल्ट नुसते टेकवले, कच्चा टाका घालावा तसे. मग मधले दोन, मग त्यांच्या तिरक्या समोरचे, असं करत बाहेर आले, आणि पुन्हा मधून सुरुवात. शेवटच्या फेरीला दहाही बोल्ट एकेक करून टक् म्हणाले. फेसाळलेलं तेल काढून त्यांनी नवं भरलं. इंजिन चालू झालं. धूर नाही. मास्तरांनी ते बंद केलं, गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि यांचं तोंड दोनदा भाजलं होतं. हसायला ते तयारच नव्हते.

सोमवारी पहाटे ताई टेम्पो घेऊन गेली. दुकान उघडल्यावर मास्तरांनी एका पँटचे दोन्ही पाय डावेच कापले. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की कात्री थांबायची. रोजची वेळ टळून गेली तरी ताई येईना. बायको म्हणाली, "येतील वन्सं, बसा." पण मशीन तिनंही थांबवलं होतं.

अखेर टेम्पो वळणावर दिसला. मागे रिकामे क्रेट खडखडत होते. ताई उतरली. "सगळे दुकानदार विचारत होते, इतके दिवस कुठे होतात म्हणून. बोलण्यात वेळ गेला."

इंजिन गार होईपर्यंत सगळे थांबले. मग मास्तरांनी हात पुसून पाणी बघितलं. जिथल्या तिथे. तेल तपासायची पट्टी ओढली. स्वच्छ, मधाच्या रंगाची. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते पायरीवर बसलेच, आणि डोळे पुसले तर तेल कपाळभर लागलं.

ताई शेजारी येऊन बसली. "तुझ्या बायकोनं मागच्या खोलीत माझ्यासाठी शिलाई मशीन लावून ठेवलंय."

"कधी?"

"तू 'मी करतो' म्हणालास ना, त्याच दिवशी. माळ्यावरून काढून तेलपाणी करून ठेवलं. म्हणाली, वन्सं, झालं तर उत्तमच, नाही तर माझ्याजवळ बसा." ताईनं मागच्या खोलीकडे बघितलं. "फार चांगली आहे रे ती. पण पुन्हा खोलीत बसायचं म्हटलं की माझा श्वास कोंडतो. तुला बोलले असते तर तुझे हात थरथरले असते, म्हणून गप्प बसले."

मास्तर उठून मागच्या खोलीत गेले. मशीन तिथे खिडकीशी मांडलेलं होतं, समोर स्टूलही ठेवलेलं. त्यांनी ते एका बाजूनं उचललं. बायकोनं न सांगता दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते परत माळ्यावर चढवलं. बाहेर ताई टेम्पोची काच पुसत होती.