उंच जीप आणि आमचे हे

घराला कुलूप लावून चार पावलं गेलं की आमचे हे परत येतात आणि कुलूप ओढून बघतात. मी लावलेलं असेल तर दोनदा. जन्मभर बस चालवली, पण दुसरं कुणी चालवत असलं की ह्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतो.

लेक जनावरांची डॉक्टर. दगडधोंड्यांतून गोठ्यांवर जायला तिने जुनी जीप घेतली, आधीच्या मालकाने चार इंच उंच करून घेतलेली. खडकांवरून ती मजेत चढायची, डांबरी रस्त्यावर मात्र झिंगल्यासारखी चालायची. एका वळणावर ट्रकच्या अंगावर जाता जाता वाचली, तेव्हा लेक म्हणाली, "ही सरळ चालली नाही तर विकते आणि ऑफिसात बसते." फिरतीशिवाय ही पोरगी कोमेजून जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

काम माझ्या धाकट्या भावाला दिलं. त्याचं गॅरेज मागच्याच गल्लीत.

"ताई, गाडी उंच केली, पण पुढच्या चाकांचा कोन कुणी सुधारलाच नाही. म्हणून स्टिअरिंग आपलं आपण मध्ये येत नाही. चाकांना धरणारे खालचे दांडे जरा लांब घालतो."

"दांडे नवे आहेत की रंगवलेले, ते कोण बघणार?" हे पुटपुटले. बायकोचा भाऊ म्हणजे ह्यांच्या लेखी आधीच अर्धा गुन्हेगार. खुर्ची टाकून गॅरेजच्या दारातच बसले.

संध्याकाळी लेक आली तेव्हा भावाने टेकूच्या लोखंडी घोड्यांवर टांगलेली जीप खाली घेतली आणि दांड्यांच्या बोल्टना पाना लावला. सगळे घट्ट होते. "मघाशी आवळले वाटतं," म्हणाला. संशय घ्यायचं त्याला जमतच नाही, स्वतःचासुद्धा.

लेक एक चक्कर मारून आली ती पांढरी पडून. "मामा, आधीपेक्षा वाईट! एका बाजूला ओढतेय, आणि बारीक खड्ड्यालाही दणका देतेय. मी विकतेच."

"मी म्हणालो नव्हतो? माल खोटा आहे!" हे उसळले. खरं सांगते, क्षणभर मलाही माझ्या भावाचा संशय आला.

तो बॅटरी घेऊन जीपखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"बोल्टवर पिवळा रंग नाही," शेवटी आवाज आला. "मी शेवटचं आवळलं की रंगाचा ठिपका देतो. हे मी आवळलेले नाहीत. मी मुद्दाम ढिले ठेवले होते. गाडी टांगलेली असताना आवळले तर आतलं रबर पिळलेलं राहतं. चाकांवर वजन आल्यावरच आवळायचे असतात. मी जेवायला गेलो तेव्हा कुणी हात लावला?"

"मी तर खुर्चीवरच होतो," हे म्हणाले. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं! चोराच्या मनात चांदणं. मी ह्यांच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस. मला लाज वाटली आणि रागही आला, पण माझ्याआधी लेकच बोलली.

"बाबा, ह्याच गाडीतून मी रोज जाणार आहे."

ह्यांची मान खाली गेली. "मला वाटलं, हा विसरला. ढिल्या बोल्टवर तुला कसं पाठवू?"

भाऊ हसला नाही की रागावलाही नाही. त्याने बोल्ट सैल केले, जीप जोरात हलवून चाकांवर बसू दिली आणि पाना ह्यांच्यापुढे धरला. "घ्या दाजी. आता आवळा."

ह्यांनी एकेक बोल्ट आवळला. मग जीपखालूनच पाना बाहेर सरकवला.

"एकदा तू बघून घे रे. माझा भरवसा नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. भावाने बघितलं, पिवळे ठिपके दिले. त्याच वळणावरून जीप मुकाट्याने गेली, आणि लेकीने हात सैल सोडले तसं स्टिअरिंग आपणहून मध्ये आलं. ती हसली. मागच्या सीटवर ह्यांचा पाय मात्र ब्रेक दाबतच होता.

घरी पोचल्यावर गेटला कुलूप मी लावलं. हे परत आले, ओढून पाहिलं. एकदाच.