मनकर्णाबाईंचे मुडदे

धारूरच्या बाजारात सीताफळं विकणाऱ्या मनकर्णाबाई ज्याला जीव लावतात त्याला मुडद्या म्हणतात. मग तो गिऱ्हाईक असो, दवाखान्यातला डॉक्टर असो, नाहीतर स्वतःचा नवरा निवृत्ती. "मुडद्या, जेवला का?" असं विचारलं की समजावं, आपण घरचे झालो. त्या "अहो, बसा ना" म्हणाल्या की मात्र गुपचूप चप्पल शोधावी. शेजारी राहून मला हे पाठच झालंय.

त्यांच्या लेकीला, रूपालीला, बघायला पाहुणे आले. बघायला कसलं डोंबल! पवनशी तिचं अंबाजोगाईला कॉलेजातच जमलं होतं. अडलं होतं ते फक्त मनकर्णाबाईंच्या होकारावर. आणि निवृत्तीभाऊंनी ऐन वेळी बायकोला दम भरला, "आज तोंडातून मुडदा निघाला न्हाई पायजे. पोराचा बाप मराठीचा मास्तर हाय."

जयभीम झाले, सगळे बसले. बाईंनी शब्द पाळला. "अहो पवनराव, पोहे घ्या ना." मी आत दाराशी चहा गाळत होते. रूपाली रडवेली होऊन माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, आईला पवन पसंत न्हाई." आईची ही रीत तिनं पवनलाही सांगून ठेवलेली. तो प्रत्येक 'अहो'ला पांढरा पडत होता. त्या धास्तीत त्यानं उकळता चहा तोंडाला लावला आणि ओरडला.

"मुडद्या, फुकून पी की!" मनकर्णाबाई किंचाळल्या. "मुडदा बशिवला तुझा, लई भाजलं का रं?" आणि पदरानं त्याची हनुवटी पुसायला लागल्या.

पवन भाजल्या जिभेनं खदखदा हसला. रूपालीनं आत मला मिठी मारली, निम्मा चहा माझ्या साडीवर. निवृत्तीभाऊ तेवढे डोळे मिटून बसले, कारण पवनचे वडील, धर्मराज सर, उठून उभे राहिले होते.

"बाई, मुडदा म्हणजे प्रेत. कळतं का तुम्हाला?"

"कळतं की. पर प्रेताला फुकून पी कोन म्हनतं?"

सर उभ्याचे खाली बसले. आवाजातला मास्तर पार गेला. "आमची माय मला असंच म्हनायची. ती गेली, तवापासून समदे सर म्हनत्यात."

मनकर्णाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि होणाऱ्या व्याह्यापुढे धरली. "घे मुडद्या, तू बी पी."

सरांनी ती बशी दोन्ही हातांनी धरली. ते हसत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.