शोकेसमधले जपानी वीर

काल जपानहून मागवलेला खोका उघडला आणि नव्या प्लास्टिकचा वास आला. आत टीव्हीवरच्या एका जपानी मालिकेतल्या चंदेरी चिलखताच्या वीराची वीतभर मूर्ती होती. त्या वासासरशी मला राजुरीतला, माझ्या लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला.

असे वीर मी मंचरला माहेरी असल्यापासून जमवत होते. लग्नात ते पेटीत भरून सासरी आणले. पेटी उघडली तेव्हा नवी नवरी बघायला आळीतल्या बायका आल्या होत्या.

"अगं बया, सूनबाईनं खेळणी आणली!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसत सुटल्या. माझी मान वर होईना.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. तरुणपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली बाई. त्यांनी लाल शिरस्त्राणाचा वीर उचलून नीट निरखला.

"ह्यो काय करतो गं?"

"राक्षसांशी लढतो, आत्याबाई. पाचजण असतात ते."

"मंग बाकीचे चार कुठं हायत? काढ की भाईर!"

त्यांनी शोकेसचा मधला कप्पा रिकामा केला आणि पाचही वीर स्वतःच्या हातानं ओळीत मांडले. मला तेव्हा फक्त माझे वीर दिसत होते.

पुढं बऱ्याच वर्षांनी सासूबाई वारल्या, तेव्हा माळा आवरताना गोणीत बांधलेली पितळेची भांडी सापडली. नणंद ती कुरवाळत म्हणाली, "आईच्या माहेरची हायत. तू यायच्या आधी शोकेसच्या मधल्या कप्प्यात व्हती. कुणाला हात लावू द्यायची न्हाई."