सात नंबरच्या वर्गातला निष्कर्ष

पहिल्यांदा माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव करायची की थट्टा, ते ठरवता येईल. मी तर्कशास्त्राचा मास्तर. अकरावी-बारावी आर्ट्सला हा विषय असतो हे पुष्कळांना माहीतच नसतं. लोकांना वाटतं मी ज्योतिष शिकवतो. सत्तावीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट सांगत आलो - पुरावा दाखव, मग ‘म्हणून’ म्हण. भूत, भानामती, करणी, नजर लागणं असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की मी त्याला उभा-आडवा सोलायचो. स्टाफरूममध्ये माझ्या वाटेला कोणी जात नसे. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण लिहितो.

राहायला मी डहाणूत, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. कॉलेज तलासरीला. नाव सांगत नाही. सकाळची एसटी, संध्याकाळी पाचची परतीची. हा प्रकार २०१९ च्या सुरुवातीचा. आदल्या दिवाळीनंतर आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आधी जमिनीखालून धडाड असा आवाज यायचा, मग हादरा. लोक घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहत होते. कॉलेजच्या सात नंबरच्या वर्गाला छतापासून फळ्यापर्यंत भेग गेली, तेव्हा तो वर्ग बंद केला आणि आम्ही मैदानात मांडव घालून शिकवायला लागलो. बारावीची पोरं कागदावर एकोणीस, मांडवात कधी सात, कधी चार.

घरी मी एकटा. बायको, सुलभा, २०१६ साली गेली. एकच मुलगी, केतकी, नाशिकला दिलेली. तिच्याशी माझं बोलणं बंद होतं. का, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुलभाच्या तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर केतकी म्हणाली, “बाबा, पहाटे आई स्वप्नात आली होती. बाबांना एकटं टाकू नकोस म्हणाली.” आता दुसरा कोणी बाप असता तर त्याने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला असता. मी काय केलं? मी तिला पंधरा माणसांत, तिच्या सासूसमोर, समजावून सांगितलं की स्वप्न हा पुरावा नसतो, तुला माझी काळजी वाटते तेच तुला झोपेत दिसलं, यातून आईबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एकेक मुद्दा बोटांवर मोजून सांगितला. ती उठून ताटं उचलायला लागली. वाद मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. रागावली आहे तर रागावू दे, मी काय खोटं बोललो होतो? - अशी माझी मिजास. या मिजाशीत दोन वर्षांहून जास्त काळ गेला. रोज संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि सकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोलावं असं फार वाटायचं. बोलणार कोणाशी?

तर आता मूळ गोष्ट.

ज्या दिवशी त्या वर्गाला भेग गेली, त्या दिवशी मीच तिथे शिकवत होतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती - ‘आगरच्या सगळ्या बोटी आज समुद्रात आहेत. ही बोट किनाऱ्यावर आहे.’ (आगर म्हणजे आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावरची वस्ती.) खाली ‘म्हणून’ लिहिलं आणि धडाड झालं. पोरं बाहेर पळाली, त्यांच्या मागे मीही. दोन दिवसांनी हजेरीपट आणायला आत गेलो तर ‘म्हणून’च्या पुढे लिहिलेलं होतं - ‘ही बोट आगरची नाही.’

उत्तर बरोबर होतं. मला बरं वाटलं, एवढ्या गडबडीत कोणा पोराला विषयाची आठवण राहिली. मांडवात विचारलं, कोणी कबूल होईना. जाऊ दे म्हटलं.

मग वर्गाला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडे, कारण खोलीतलं सामान माझ्या नावावर. मी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच जाऊन बसायला लागलो. स्टाफरूममध्ये दिवसभर एकच विषय, काल किती वाजता हललं आणि कोणाच्या भांड्यांचा आवाज झाला. मला तो नको होता. आमचे शिपाई शिवरामभाऊ, इथल्याच पाड्यातले, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठे, रोज बाहेरून ओरडायचे, “सर, आत नका जाव. भिंत पडली तं कोणाला सांगू मी?” मी म्हणायचो, पडायची शक्यता फार कमी आहे. ते म्हणायचे, “शक्यता तुमच्या डोसक्यावर पडल ना.” मी डबा उघडायचो.

एका दुपारी मांडवात एक मुलगी म्हणाली, धक्क्यांमुळे आमची विहीर आटली. सवयीने मी जेवता जेवता ते फळ्यावर मांडलं - ‘धक्के सुरू झाले. त्यानंतर विहीर आटली. म्हणून धक्क्यांमुळे विहीर आटली.’ मग तासाची घंटा झाली म्हणून तसंच ठेवून कुलूप लावून निघालो. दुसऱ्या दुपारी खाली एक ओळ जास्त होती. ‘सिद्ध होत नाही.’

अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. शब्द पुरा लिहून मग वर एकच रेघ ओढलेली. आता मला राग आला. कोणीतरी म्हाताऱ्या मास्तराची मजा घेत होतं. वह्या तपासायच्या आहेत असं सांगून मी एकोणीसच्या एकोणीस वह्या गोळा केल्या. एकही अक्षर जुळेना. शिक्षकांचा मस्टर चाळला, तिथेही नाही. शिवरामभाऊंना चार ओळी लिहून दाखवायला लावल्या, तर ते मनापासून दुखावले आणि एक दिवस चहाला आले नाहीत. आणि एका रविवारी सकाळी कपाटातून सुलभाची पाककृतींची वही काढली. तिचं अक्षर टपोरं, सरळ. जुळत नव्हतं. जुळावं अशी माझी इच्छा होती, हे इथे कबूल करतो. वही मिटून पुन्हा कपाटात ठेवली.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ स्वतःच लिहून विसरत असेल. मला हे सुचलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? म्हणून तर पुढचा बंदोबस्त केला. बोर्डाच्या परीक्षेचे गठ्ठे सील करायची आम्हाला सवय असते. शुक्रवारी साडेचारला मी वर्गाच्या खिडक्या आतून बोल्ट लावून बंद केल्या, दार लावलं, कुलपावरून कागदाची पट्टी गुंडाळली, त्यावर माझी सही, शिवरामभाऊंची सही आणि वर लाख. किल्ली पाकिटात घालून शिवरामभाऊंकडे दिली. त्यांनी मला एसटीत बसताना पाहिलं.

पण दार लावण्याआधी फळ्यावर काहीतरी लिहायचं होतं. खडू हातात घेतला आणि उदाहरण सुचेना. पोरं घरी गेली होती, मैदानात मांडवाचं कापड फडफडत होतं, आणि मला शनिवार-रविवार दिसत होता. दोन दिवस, कोणाशी न बोलता. मग हाताने जे लिहिलं ते हे -

‘मुलगी रागावली असेल, तर ती फोन करणार नाही. मुलगी फोन करत नाही. म्हणून मुलगी रागावली आहे.’

शिवरामभाऊ दारात लाख वितळवत होते. त्यांनी तेव्हा वाचलं नाही. मीही पुन्हा वाचलं नाही. हे वाक्य मी दोन वर्षं मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दोघांनी मिळून सील बघितलं. पट्टी शाबूत, सह्या शाबूत, लाखेला चरासुद्धा नाही. दार उघडलं. खिडक्यांचे बोल्ट जसेच्या तसे.

फळ्यावर माझ्या ‘म्हणून’भोवती गोल केला होता. शेजारी त्याच कललेल्या अक्षरात - ‘निष्कर्ष निघत नाही.’

शिवरामभाऊंनी तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, हळूहळू, बोट धरून. मग विचारलं, “ही पोरगी कोणाची, सर? तुमची?”

“उदाहरण आहे,” मी म्हणालो.

“मंग बरोबर लिवलाय. फोन नाय केला म्हंजे राग, असा थोडाच हाय? आजारी असल. रेंज नसल. मनात काय पण असल.” आणि ते घंटा द्यायला निघून गेले.

मी तिथेच बाकावर बसलो. अहो, हा दोष मी दरवर्षी पहिल्या सहामाहीत शिकवतो. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला? नाही - कोणी सडा टाकला असेल. पोरं हसतात, त्यांना लगेच कळतं. पेपरात कोणी ही चूक केली की मीच लाल शाईने ‘म्हणून’भोवती गोल करतो आणि शून्य देतो. हीच चूक मी स्वतः करून बसलो होतो, तिच्यावर दोन वर्षं काढली होती, आणि इतक्या दिवसांत ती मला दाखवायला कोणीही नव्हतं. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. त्या अक्षराची नाही. अंगणात खरंच कशाचं पाणी होतं, त्याची.

बाहेर आलो. मैदानाच्या कडेला चिकूखाली उभं राहून नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला.

“बाबा? काय झालं? धक्का बसला का? कुठे आहात तुम्ही?”

“काही झालं नाही. कॉलेजात आहे. तू रागावली आहेस का, एवढंच विचारायचं होतं.”

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, “हे आत्ता विचारताय?”

“हो. तेव्हाच विचारायला हवं होतं.”

मग तिने सांगितलं. आई गेल्यावर तीन महिन्यांनी तिला दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. “आईला सांगायचं होतं, तर आई नाही. तुम्हाला फोन करणार होते, बाबा. नंबर काढून बसायचे. पण तुमचा आवाज ऐकला असता तर मला रडूच आलं असतं, आणि तुम्ही विचारलं असतं, रडायला नेमकं काय झालं ते सांग. मला नीट सांगता आलं नसतं. मग फार दिवस झाले. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने करू.”

“आणि राग?” मी विचारलं.

“तो काय, आठ दिवसांत गेला होता.”

मी चिकूच्या बुंध्याला धरून रडलो. मांडवातली पोरं बघत होती, बघू देत म्हटलं. माझी पोर दोन बाळांचं दुःख एकटीने गिळत होती आणि मी डहाणूत बसून तिच्या रागाचा हिशोब करत होतो. मी तिला काही समजावलं नाही. एक मुद्दा काढला नाही. नुसतं “हो बेटा, हो” म्हणत राहिलो. तास बुडाला.

त्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं, ‘आपण कोण?’ उत्तर नाही. सील करून पाहिलं, सील न करता पाहिलं. सोपी उदाहरणं घातली, मुद्दाम चुकीची घातली. ढिम्म काही नाही. एप्रिलमध्ये ती भिंत पाडली आणि फळाही गेला. त्याच वर्षी मी निवृत्त झालो.

स्पष्टीकरण? माझ्याकडे नाही. जेवढे पर्याय सुचले तेवढे एकेक करून खोडले. सगळे खोडल्यावर जो उरतो तो खरा, असं पुस्तकात असतं. माझ्याकडे एकही उरला नाही. याचा अर्थ एवढाच, की माझी यादी अपुरी होती. भूत होतं असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध होत नाही. कमेंटमध्ये कोणी आत्मा वगैरे लिहिलं तर मी वाद घालीन, आताच सांगून ठेवतो.

केतकी आता दर रविवारी सकाळी फोन करते. भरपूर बोलते, मी ऐकतो. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प होतं आणि पुढचा रविवार फार लांब वाटतो. मग तो फळा आठवतो. सुलभा गेल्यापासून मी मनात काय म्हणत होतो ते कोणीतरी एकदा पुरतं वाचलं होतं, आणि तू चुकतोयस असं सांगितलं होतं. कोण होतं ते कळलं असतं तर आभार मानले असते. आणि खरं सांगायचं तर, थोडा वेळ बसा म्हटलं असतं.