लाल रेघेच्या आतला काटा

परवा बॅटरीची सायकल घ्यायला सांगलीत गेले, तर दुकानदारानं विचारलं, "मॅडम, पॉवर मीटर कुठला बसवू?" मला हसूच आलं. आमच्या घरात याच प्रश्नावर एकदा अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई प्राथमिक शाळेत बाई होती. तिची बदली झाली रहिमतपूरच्या पुढच्या एका चढावरच्या गावात. एसटी शाळेच्या वेळेला नव्हती, आणि आईच्या गुडघ्यांनी तर दगाच दिलेला. चढ जमला नाही तर नोकरी सोडायची, असं तिनं मनाशी ठरवत आणलं होतं. शाळा म्हणजे तिचा जीव. बाबा सैन्यात गाड्यांचं वायरिंग करून पेन्शनीत आलेले. ते म्हणाले, "सोडायचं नाव काढू नगंस. मी हाय न्हवं?"

त्यांनी भंगारातून मोटारगाडीच्या पंख्याची मोटर आणली, आईच्या सायकलीच्या चेनीला जोडली, कॅरिअरवर बॅटरी बांधली आणि हँडलवर बटण बसवलं. सायकल पळाली, गल्ली गोळा झाली. पण बॅटरी चढाला किती खाते हे डोळ्यांना दिसल्याशिवाय आईला पाठवायचं नाही, हा बाबांचा हट्ट. मग मीटरची शोधाशोध सुरू झाली. पोरीला स्थळ बघावं तशी.

साताऱ्याच्या रेडिओवाल्यानं व्होल्टमीटर दाखवला. बाबा म्हणाले, "ह्यो शेवटपतूर सगळं झ्याक हाय म्हणणार, आन् एकदम मान टाकणार." सांगलीच्या भंगारात खरा पॉवर मीटर मिळाला, लाकडी पेटीतला, कुठल्या तरी प्रयोगशाळेतला. बाबा त्याच्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले होते. पण आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांत त्या नाजूक काट्याची धडगत नव्हती. शेवटी इस्लामपूरच्या एका गॅरेजात ट्रॅक्टरचा जुना अँपिअर मीटर पसंत पडला. शून्य मधोमध, आणि बॅटरी खर्चायला लागली की काटा डावीकडे सरकणार. बाबांनी काचेवर माझ्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ मारली आणि आईला बजावलं, "काटा हिच्या आत ऱ्हायला पायजे. मग बॅटरी जाऊन येऊन पुरती."

आणि पुरली की! संध्याकाळी बाबा बॅटरी तपासायचे, तर ती जवळजवळ भरलेली. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. चहाच्या टपरीवर येईल त्याला सांगायचे, "गड्या, मीटर निवडावा तर असा! लय कमी खातीय मोटर." आई नुसती हसायची आणि रात्री निर्गुडीच्या पाल्यानं गुडघे शेकायची. सूज मात्र वाढतच होती. मोटर असूनही गुडघे का दुखतात, हे आम्हाला कळेना.

एका शनिवारी सकाळी मी माझ्या सायकलवर तिच्या मागोमाग गेले. चढ लागला आणि मी बघतच राहिले. मोटर चालू होती, पण आई पेडलवर उभी राहून सगळ्या अंगानं जोर लावत होती. नजर काट्यावर. काटा रेघेकडे झुकला की ती आणखी जोर लावायची. पाय जास्त मारले की मोटरीवरचा भार कमी होतो, हे तिला बरोबर कळलं होतं. मला संताप आला. ओरडलेच, "आई, मग मोटर कशाला बसवलीय?"

ती उतरली. धाप लागलेली. म्हणाली, "अगं, काटा त्या रेघेकडं गेला की जीव तुटतो माजा. त्यांनी रातभर चार्ज केल्याली बॅटरी, आपण भसाभसा संपवायची व्हय? त्यांला सांगू नगंस. मीटर गावला म्हणून किती खुशीत हायत."

सगळी हयात दिव्याची वात बारीक ठेवणारी बाई ती. तिच्या हातात मीटर दिला, तर ती दुसरं काय करणार?

माझ्या पोटात काही राहत नाही. जेवताना मी सगळं सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. ताटावरून उठून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मीटर काढायला लागले. आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या की. एवढा हिंडून आणलाय."

"काट्याकडं बघायचंच न्हाई आता," मीटर काढून घेत बाबा म्हणाले. "बटण दाबायचं आन् बसून जायचं. संपली बॅटरी, तर मी येतो ढकलायला."

त्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला बाबा परतीच्या वाटेवरच्या छोट्या चढापाशी वाट बघत उभे असायचे. कधीमधी बॅटरी खरंच संपायची. मग आई सीटवर बसलेली आणि बाबा मागून ढकलताहेत, असे दोघं गप्पा मारत घरी यायचे. इतकं खुशीत मी आईला कधी पाहिलं नव्हतं. नोकरी तिनं शेवटपर्यंत केली.

आता दोघंही नाहीत. दुकानदार थांबला होता. मी म्हटलं, "चांगल्यातला मीटर बसवा. बॅटरी संपली तर ढकलायला येणारं आता कुणी नाही."